जुना मोस्ट वाँटेड (२००५) नवीन वाइडस्क्रीनवर पूर्ण कसा बसवायचा? चाकं लांबट दिसून राह्यली

ऑरेंज_रेसर:
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राह्यलो. माझा १७ इंची डब्बा मॉनिटर मागच्या आठवड्यात गेला, म्हणून बर्डीवरून २४ इंची फुल एचडी आणला. सीपीयू मात्र तोच जुना आहे, विंडोज ७, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बोर्डावरचंच इंटेल, आणि केबल व्हीजीए कारण बोर्डावर दुसरं पोर्टच नाही.

प्रॉब्लेम असा की नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड, २००५ वाला, लावला तर स्क्रीन भरते पण सगळं आडवं ताणल्यासारखं दिसते. गेमच्या लिस्टमध्ये १९२०×१०८० नाहीच, मी १०२४×७६८ वर ठेवलाय. मी पट्टी लावून मोजलं, उजव्या कोपऱ्यातला स्पीडोमीटर आडवा ८ सेंटिमीटर अन् उभा ६. गोल पाहिजे ना तो! गाड्या पण बसक्या दिसतात, बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर ओळखू येईना.

माझा भाचा सुट्यांसाठी आलाय, जूनच्या शेवटी शाळा सुरू होईपर्यंत इथंच आहे. बाहेर ऊन इतकं की दुपारी पोराला कूलरसमोरून उठूच देत नाही आम्ही. हा गेम मी आणि माझा मोठा भाऊ एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून खेळायचो, डीव्हीडी त्यानंच घेतलेली, अन् त्याची सेव्ह अजून तशीच आहे, ब्लॅकलिस्टच्या (गेममध्ये एकेक करून हरवायचे १५ रेसर, त्यांची यादी) ५ नंबरवर, वेबस्टरजवळ. भाच्याला तोच गेम दाखवायचाय, पण धड दाखवायचाय. काय करू?

धरमपेठ_पॅड:
भाऊ, गेम ४:३ चं (रुंदी ४ तर उंची ३) चित्र बनवून देऊन राह्यला आणि तुझा मॉनिटर ते ओढून १६:९ मध्ये कोंबतो, म्हणून सगळं एक तृतीयांशानं रुंद. तुझंच माप बघ, ६ चे ८ झाले, बरोबर तेवढंच. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जा, खालची बटणं दाबून, तिथं आस्पेक्ट किंवा ४:३ असं काहीतरी असेल ते निवड. दोन्ही बाजूला काळे पट्टे येतील पण चाक गोल होईल. इंटेलच्या पॅनेलमध्ये पण असा ऑप्शन असतो पण व्हीजीएवर तो बहुतेक दिसणार नाही, तिथं ताणायचं काम मॉनिटरच करतो.

ऑरेंज_रेसर:
केलं भाऊ, मेनूत ४:३ सापडलं, चाक गोल झालं. धन्यवाद. पण मग २४ इंचीतली एवढी जागा काळी राहते. पूर्ण स्क्रीन पण भरेल आणि गोलही राहील असं नाही का होत?

मानेवाडा_मेकॅनिक:
होते, आणि चांगलं होते. मी स्वतः करून बसलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समज की स्क्रीन भरणे म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे तेच चित्र ताणणे, ते तू पाह्यलंस. दुसरं म्हणजे गेमला सांगणे की बाबा तुझी खिडकीच रुंद कर, म्हणजे रस्ता आधी जेवढा दिसायचा तेवढा मधे तसाच राहतो आणि डावी-उजवीकडे जास्तीचं शहर दिसायला लागते. १०८० उंचीच्या स्क्रीनवर ४:३ चं चित्र १४४० रुंद असते, १९२० मधून ते गेले की ४८० उरतात, म्हणजे दोन्ही बाजूला २४०-२४०. आता तुला जिथं काळे पट्टे दिसतात ना, तिथंच गेम दिसायला पाहिजे. वळणावर आडव्या रस्त्यावरून येणारी पोलिसची गाडी थोडी आधी दिसते, याचा खेळताना खरंच फायदा होतो.

त्याच्यासाठी वाइडस्क्रीन फिक्सेस पॅक नावाचा फुकटचा पॅक आहे, त्यात मोस्ट वाँटेडचा वेगळा फिक्स मिळते. गेमवर १.३ चा पॅच (कंपनीचं सुधारणांचं अपडेट) लागलेला पाहिजे, तो नसेल तर आधी तो टाक. फिक्सच्या झिपमध्ये डी-इनपुट-८ नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी मदतनीस फाइल) आणि स्क्रिप्ट्स नावाचा फोल्डर असते. हे दोन्ही स्पीड.ईएक्सई जिथं आहे तिथंच, तिच्या बाजूला ठेवायचे. गेम सुरू होताना कीबोर्ड-जॉयस्टिकसाठी विंडोजकडची याच नावाची डीएलएल मागतो, पण शोधायला सुरुवात आपल्याच फोल्डरपासून करतो, म्हणून आधी ही सापडते आणि ती स्क्रिप्ट्समधला फिक्स मेमरीत चढवते. गेमच्या फाइलला हातही लागत नाही. नाही आवडलं तर दोन्ही उचलून बाहेर काढ, गेम होता तसा.

स्क्रिप्ट्समध्ये एक आयएनआय फाइल (सेटिंगची) दिसेल, नोटपॅडमध्ये उघड. रेस-एक्स आणि रेस-वाय दोन्ही ० असले तर डेस्कटॉपचं रेझोल्युशन घेते. फिक्स-हड आणि फिक्स-एफओव्ही दोन्ही १ ठेव. पहिल्यानं स्पीडोमीटर, मॅप, आरसा गोल-चौकोन जसे पाहिजे तसे राहतात, दुसऱ्यानं ते बाजूचं शहर उघडते.

अन् हे काहीही करायच्या आधी डॉक्युमेंट्समधला एनएफएस मोस्ट वाँटेड नावाचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेव. तुझ्या भावाची सेव्ह तिथंच आहे. गेम परत टाकता येते, ती नाही येणार.

आणि मॉनिटरचं ते ४:३ परत वाइडवर कर, नाहीतर हे सगळं करूनही पट्टे दिसतील आणि वाटेल फिक्स चाललाच नाही.

ऑरेंज_रेसर:
सेव्ह आधी कॉपी केली भाऊ, दोन पेनड्राइव्हवर. १.३ पण टाकला. पण काहीच बदल नाही, गेम तसाच ताणलेला सुरू होतो, मॉनिटर वाइडवरच आहे. आयएनआय तीनदा पाहिली. काहून होत असेल?

मानेवाडा_मेकॅनिक:
झिप एक्स्ट्रॅक्ट करताना त्याच नावाचा एक फोल्डर आपोआप बनला असेल आणि तू तो पूर्ण फोल्डर गेममध्ये ठेवला असशील. डीएलएल स्पीड.ईएक्सईच्या बाजूलाच पाहिजे, एक पायरी आत नाही चालत. दुसरी शक्यता, अँटीव्हायरसनं डीएलएल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली, तिथं पाहा. तिसरी, गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तू आयएनआयत केलेला बदल नीट सेव्ह झाला नसेल, विंडोज तिथं सहजासहजी लिहू देत नाही. मी तर जुने गेम सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा वेगळा फोल्डर करून तिथंच टाकतो.

ऑरेंज_रेसर:
पहिलंच होतं! फोल्डरच्या आत फोल्डर. बाहेर काढल्याबरोबर झालं. स्पीडोमीटर गोल, पट्टी लावून पाह्यलं, ६ आणि ६. पण आता गेम अडकून अडकून चालते, पोलिस मागे लागले की जास्तच.

सक्करदरा_ताई:
दादा, ते होणारच होतं. १०२४×७६८ म्हणजे साधारण ७ लाख ८६ हजार पिक्सेल, आणि १९२०×१०८० म्हणजे २० लाख ७३ हजार. दर फ्रेमला अडीच पटीपेक्षा जास्त काम, आणि ते बोर्डावरच्या इंटेलवर, ज्याला स्वतःची मेमरी पण नाही, रॅममधूनच उधारी. रेस-एक्स १२८० आणि रेस-वाय ७२० कर. तेही १६:९ च आहे, म्हणजे गोल गोलच राहील, बाजूचा रस्ताही तेवढाच दिसेल, पिक्सेल मात्र ९ लाख २१ हजार, तुझ्या जुन्या सेटिंगच्या जवळपास. चित्र थोडं मऊ दिसेल. व्हीजीएवर रेझोल्युशन बदललं की चित्र कधी कधी एका बाजूला सरकते, मॉनिटरचं ऑटो बटण दाबलं की जागेवर येते. शिवाय गेमच्या सेटिंगमधून सावल्या आणि रस्त्यावरचं प्रतिबिंब कमी कर.

आणि एक, तो विंडोज ७ जपून ठेव. या डीव्हीडीवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन आहे, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये नाहीच. २०१५ च्या सप्टेंबरमधल्या सिक्युरिटी अपडेटनं ७ आणि ८ वर पण तो बंद केला होता, तुझ्याकडे डिस्क चालते म्हणजे ते अपडेट लागलेलं नसेल. कोणी म्हटलं चल नवीन विंडोज टाकून देतो तर आधी हा विचार कर. अन् असा सीपीयू इंटरनेटपासून दूरच बरा, बँकेची कामं त्याच्यावर नको करू.

महाल_लॅन_पार्टी:
मधेच घुसतो, माफ करा. आमच्याकडे दिवाळीत सगळे चुलतभाऊ मिळून एज ऑफ एम्पायर्स २ खेळतात, जुना, १९९९ वाला. त्याला पण असंच करायचं का?

मानेवाडा_मेकॅनिक:
नाही भाऊ, त्याची गोष्ट वेगळी. तो सपाट, टूडी गेम आहे, माणसं-घरं ठरलेल्या पिक्सेलची चित्रं आहेत. रेझोल्युशन वाढवलं की नकाशा जास्त दिसते, पण गावकरी मुंगीएवढे होतात. त्याच्यासाठी यूजरपॅच बघ, खेळाडूंनीच बनवलेला सुधारणांचा पॅच आहे तो. आणि लॅनवर सगळ्यांनी एकच रेझोल्युशन ठेवा, कारण मोठ्या स्क्रीनवाल्याला एका नजरेत जास्त मैदान दिसते, ते बाकीच्यांवर अन्याय होतो. रंग बिघडून गवत जांभळं-लाल झालं तर घाबरू नका, तो २५६ रंगांचा जुना घोळ आहे, त्यासाठी सीएनसी-डीड्रॉ नावाचा फुकटचा रॅपर (जुना गेम अन् नवीन विंडोजच्या मधे बसणारी फाइल) मिळते.

ऑरेंज_रेसर:
ताई, ७२० वर एकदम मस्त चालून राह्यला, पोलिसच्या सहा-सात गाड्या मागे असल्या तरी अडकत नाही. ऑटो बटण खरंच दाबावं लागलं, चित्र अर्धा इंच डावीकडे गेलं होतं.

काल रात्री पुण्याला भावाला व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन दाखवली. तो म्हणे हे बाजूचं पेट्रोल पंप आपल्याला कधी दिसलंच नव्हतं. भाच्यासाठी नवीन प्रोफाइल केलं, तो १५ नंबरच्या सोनीला हरवून बसला. वेबस्टरवाली सेव्ह मी उघडली नाही, भाऊ पोळ्याला येणार आहे, तेव्हा तोच उघडेल.

धरमपेठ, मानेवाडा, ताई, तिघांचे मनापासून आभार.

धरमपेठ_पॅड:
जमलं ना भाऊ, झकास. भावासाठी दुसरा कंट्रोलर लागला तर सांग, माझ्याकडे एक यूएसबीचा पडून आहे, घेऊन जा.