सिकलसेल असलेल्या मुलाला रेशनचा फोर्टिफाइड तांदूळ चालतो का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गडचिरोलीकडे आमच्या घरी रेशनचाच भात असतो. तो आता फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक मिसळलेला असतो; त्यात ते जरा पिवळट, एकसारखे दाणे येतात. आई सुपात घेऊन एकेक वेचून काढते. तिच्या मते ते प्लास्टिकचे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 घालून ते यंत्रातून काढतात, साधारण शंभर किलोला एक किलो, हे सांगून झालं. पण धुताना काही दाणे वर तरंगतात ना, मग कोण ऐकतंय! असो, ते भांडण घरातलं.

खरा प्रश्न भाच्याचा. त्याला सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, अधूनमधून रक्त चढवावं लागतं आणि त्यातूनही शरीरात लोह साठतं म्हणे. 2018 च्या नियमांप्रमाणे लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटांवर सिकलसेल आणि थॅलेसेमिया (हाही रक्ताचाच आजार) असलेल्यांसाठी सावधगिरीची सूचना छापायची होती. 2024 मध्ये धोका नाही म्हणून ती काढायचं ठरलं. या तांदळात किलोमागे लोह 28 ते 42.5 मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅम तांदळात चार ते साडेसहा. हे रक्तातून येणाऱ्या लोहापुढे किरकोळ आहे का? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून ठरवायचं का?

इथे कुणी रक्तविकारतज्ज्ञ किंवा आहारतज्ज्ञ असतील तर कृपया सांगा. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनीही लिहा, तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं? आणि मांड गाळून टाकला तर लोह कमी होतं का? आमच्याकडे तो पोरं मीठ घालून पितात.