एमूंशी युद्ध, उंदरांना समन्स : यातले खरे किती?

बखरवाचक

इतिहासाची पुस्तके वाचताना मुख्य मजकुरापेक्षा कोपऱ्यातल्या एखाद्या वाक्यातच मी अधिक अडकतो. सध्या अडकलो आहे ते ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने १९३२ साली एमू या पक्ष्याविरुद्ध मशीनगन घेऊन मोहीम काढली आणि पक्षीच जिंकले, या वाक्यात. ज्या देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला कांगारू आणि दुसऱ्या बाजूला एमू उभा आहे, त्या देशाने आपल्याच राजचिन्हावर गोळ्या झाडाव्यात, हे वाचून हसू आले आणि लगेच शंकाही आली.

माझे प्रश्न तीन आहेत. ही हकिकत खरी आहे, की सांगोवांगी फुगत गेलेली आहे? मोहीम फसल्यानंतर, ज्यांच्या गव्हासाठी ती काढली होती त्या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले? आणि ज्यात सरकार, न्यायालय किंवा सैन्य यांनी पूर्ण गांभीर्याने, शिक्क्यानिशी आणि सहीनिशी असाच काही प्रकार केला, अशा आणखी घटना आपणांस ठाऊक आहेत का? कोणी मुद्दाम केलेली थट्टा मला नको आहे. करणाऱ्यांपैकी एकालाही त्या वेळी हसू आले नसावे, अशा घटना हव्या आहेत.

निशाचर

हकिकत खरी आहे. ‘युद्ध’ हे नाव मात्र वृत्तपत्रांच्या खोडसाळपणातून चिकटले. औपचारिक युद्धघोषणा कोणी केली नव्हती आणि ती समोरच्या पक्षाला वाचून दाखवणेही अवघडच होते.

पार्श्वभूमी मुळीच विनोदी नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अनेक सैनिकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात शेतीसाठी जमिनी देण्यात आल्या होत्या. १९२९ नंतरच्या मंदीत गव्हाचे भाव कोसळले आणि त्याच हलाखीत १९३२ साली कॅम्पियन परिसरात सुमारे वीस हजार एमू उतरले. विणीचा हंगाम संपला की हे पक्षी अंतर्भागातून किनाऱ्याच्या दिशेने सरकतात; वाटेत त्यांना मोकळी केलेली जमीन, जनावरांसाठी साठवलेले पाणी आणि उभा गहू असे सगळे एकाच ठिकाणी मिळाले. पीक तुडवले गेले ते गेलेच, शिवाय मोडलेल्या कुंपणांतून ससे आत शिरू लागले. हे शेतकरी माजी सैनिक असल्यामुळे त्यांनी शेतकी खात्याकडे न जाता थेट संरक्षणमंत्री सर जॉर्ज पिअर्स यांच्याकडे मशीनगन मागितल्या. मंत्र्यांनी होकार दिला, परंतु गोळ्यांचा खर्च आणि जवानांची राहण्याजेवण्याची सोय शेतकऱ्यांनी करावी, अशी अट घातली. आपल्या जवानांचा नेमबाजीचा सरावही होईल, असा त्यामागचा हिशेब होता.

मेजर मेरेडिथ यांच्या हाताखाली दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार गोळ्या देण्यात आल्या. पावसामुळे पक्षी पांगल्याने मोहीम लांबली आणि २ नोव्हेंबर १९३२ रोजी सुरू झाली. एमूंनी गनिमी काव्याची रीतसर तालीम घेतली असावी, असे वाटावे इतके ते पटापट लहान लहान टोळ्यांत विभागले जात आणि पल्ल्याबाहेर निघून जात. ४ नोव्हेंबरला एका बांधाजवळ हजाराहून अधिक पक्ष्यांवर दबा धरला गेला. मोजून डझनभर पक्षी पडले आणि मशीनगन अडकली. मग ती मालमोटारीवर चढवण्यात आली, पण खाचखळग्यांच्या रानात मोटार पक्ष्यांना गाठू शकेना आणि हादऱ्यांमुळे नेम धरणेही अशक्य झाले. मेजरसाहेबांनी शत्रूचे जे कौतुक केले आहे ते मुळातून वाचण्यासारखे आहे : मशीनगनपुढे हे पक्षी रणगाड्यांसारखे टिकतात, असे त्यांचे मत झाले होते.

८ नोव्हेंबरला तुकडी माघारी बोलावली गेली, १३ तारखेला पुन्हा पाठवली गेली आणि डिसेंबरात कायमची परतली. मेरेडिथ यांच्या अहवालाप्रमाणे ९,८६० गोळ्यांत ९८६ एमू मारले गेले. दर पक्ष्यामागे बरोबर दहा गोळ्या, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. हा भागाकार रणांगणावर झाला की टेबलावर, हे ज्याने त्याने ठरवावे.

सौदामिनी

निशाचर यांनी रणांगण घेतले आहे, म्हणून मी न्यायालय घेते. मध्ययुगीन युरोपात, त्यातही फ्रान्समध्ये, प्राण्यांवर खटले चालत असत आणि त्यांची एक प्रस्थापित रीत होती. डुकरे, बैल, घोडे यांनी माणसाला मारले तर त्यांच्यावर नेहमीच्या फौजदारी न्यायालयात माणसांसारखाच खटला उभा राही. उंदीर, टोळ, किडे यांना पकडून पिंजऱ्यात उभे करणे शक्य नसल्यामुळे त्यांचे प्रकरण धर्मन्यायालयाकडे जाई, आणि तिथे त्यांना सर्वांत मोठी शिक्षा म्हणून शापवाणी ऐकवली जाई.

फालेझ येथे १३८६ साली एका बालकाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीला मृत्युदंड झाला. त्या प्रकरणातला जो कागद मला विलक्षण वाटतो तो निकालाचा नाही, मेहनतान्याच्या पावतीचा आहे : जल्लादाला दहा सू आणि दहा दनिए (ही त्या काळची फ्रेंच नाणी) मिळाले आणि शिवाय हातमोजेही दिले गेले. न्यायव्यवस्था डुकरिणीपुढे उभी राहिली तरी तिने हिशेबखात्याची शिस्त सोडली नाही.

साव्हिन्यी येथील १४५७ सालचा खटला त्याहून बारकाईचा आहे. पाच वर्षांच्या एका मुलाला मारल्याबद्दल डुकरीण दोषी ठरली आणि तिला मागच्या पायांनी झाडाला टांगण्याची शिक्षा झाली. तिची सहा पिले रक्ताने माखलेली सापडल्यामुळे तीही आरोपी होती. परंतु त्यांनी प्रत्यक्ष हल्ला केल्याचा पुरावा नाही म्हणून न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली नाही. पुढे ती चांगली वागतील अशी हमी मालकाकडे मागितली असता त्याने ती देण्यास साफ नकार दिला. मुलाच्या मृत्यूत हसण्यासारखे काही नाही, हे खरेच. पण पिलांच्या वर्तणुकीची हमी कोण देणार, या प्रश्नावर प्रौढ माणसे गंभीरपणे चर्चा करत बसली होती, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि वकील पाहिजे असेल तर बार्तेलेमी दी शास्नने यांना विसरू नये. ओतँच्या परिसरात बार्लीचे पीक फस्त करणाऱ्या उंदरांची बाजू त्यांनी मांडली. आरोपी हजर नाहीत, असे न्यायाधीश म्हणताच त्यांनी हरकत घेतली की, उंदीर अनेक गावांत विखुरलेले असल्यामुळे एका समन्सने भागणार नाही. मग सर्व गावांच्या चर्चमधून समन्स वाचले गेले. तरीही उंदीर आले नाहीत, तेव्हा त्यांनी मांडले की, वाट मांजरांनी भरलेली आहे, आणि जिवाला धोका असताना हजर राहण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येत नाही.

तळटीप

रंगात आलेल्या मैफलीत कोणी घड्याळ दाखवावे तसा मी इथे आलो आहे, तरी क्षमस्व. सौदामिनी यांनी दिलेल्या तीन प्रकरणांत एक फरक करणे आवश्यक आहे. फालेझ आणि साव्हिन्यी येथील प्रकरणांना समकालीन कागद आहेत. शास्नने हे खरोखरच मोठे कायदेपंडित होते, पुढे प्रोव्हाँसच्या न्यायसभेचे अध्यक्ष झाले आणि किडामुंगीवर धर्मन्यायालयात खटला कसा चालवावा यावर त्यांनी गंभीर विवेचनही लिहिले आहे. मात्र उंदरांच्या वकिलीची ती चटकदार कथा त्यांच्यानंतरच्या लेखकांकडून आपल्यापर्यंत आलेली आहे. मांजरांचा युक्तिवाद इतका नेमका आहे की तो कोणाच्या तरी हातून घासूनपुसून आला असावा, असा संशय मला आहे.

बखरवाचक यांच्या कसोटीला माझ्या मते पूर्ण उतरते ते १८५९ सालचे डुक्करयुद्ध. १८४६ च्या ओरेगॉन तहात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ब्रिटन आणि अमेरिका यांची हद्द समुद्रधुनीच्या मधोमध ठरवली होती, पण तिथे समुद्रधुन्या दोन होत्या आणि त्यांच्या मध्ये सॅन वान बेटे होती. त्यामुळे बेटांवर दोन्ही देशांचा हक्क होता. १५ जून १८५९ रोजी लायमन कटलर या अमेरिकी शेतकऱ्याने आपले बटाटे उकरणाऱ्या डुकराला गोळी घातली. डुक्कर हडसन बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीचे निघाले. कटलरने दहा डॉलर देऊ केले, समोरून शंभर मागितले गेले, आणि कटलरला अटक होण्याची शक्यता दिसताच अमेरिकी वसाहतकऱ्यांनी सैन्य बोलावले. ऑगस्टपर्यंत एका बाजूला ४६१ सैनिक आणि चौदा तोफा, तर दुसऱ्या बाजूला पाच युद्धनौका आणि दोन हजारांहून अधिक माणसे असा मांड मांडला गेला. ब्रिटिश गव्हर्नरने सैनिक उतरवण्याचा हुकूम दिला तेव्हा ॲडमिरल बेन्स यांनी, एका डुकरावरून दोन महान राष्ट्रांना युद्धात लोटणार नाही, असे सांगून तो धुडकावला. त्यानंतर बारा वर्षे दोन्ही सैन्ये एकाच बेटावर तळ ठोकून राहिली आणि एकमेकांच्या सणांना पाहुणे म्हणून जात राहिली. १८७२ साली जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याने पंच म्हणून अमेरिकेच्या बाजूने निकाल दिला. मृतांची संख्या : एक डुक्कर.

याउलट, लाकडी बादलीच्या चोरीवरून मोदेना आणि बोलोन्या या इटलीतल्या शहरांत १३२५ साली युद्ध पेटले, असे जे सर्वत्र लिहिले जाते ते उलटे आहे. झाप्पोलिनोची लढाई झाली ती पोपनिष्ठ आणि सम्राटनिष्ठ यांच्या जुन्या वैरातून. बादली विजेत्या मोदेनाने लढाईनंतर पळवली. तासोनी या कवीने १६२२ साली आपल्या विडंबनकाव्यात बादलीलाच कारण बनवले आणि वाचकांना तेच आवडले.

बखरवाचक

आपणां सर्वांचे आभार. तळटीप यांनी उंदरांच्या वकिलाचा कागद मागितल्याने थोडा हिरमोड झाला, पण साव्हिन्यीच्या पिलांनी तो भरून काढला. हमी नाकारणाऱ्या मालकाबद्दल मला सहानुभूती वाटते. आईचे उदाहरण ताजे असताना कोणी सही केली असती?

माझा दुसरा प्रश्न मात्र राहिला आहे. गव्हाचे काय झाले?

निशाचर

तेच लिहायचे राहिले होते. यात एक कायदेशीर गंमतही आहे : एमू हा तिथे संरक्षित पक्षी होता आणि शेतीचे नुकसान करू लागल्यावर १९२२ साली त्याला उपद्रवी ठरवण्यात आले. म्हणजे सौदामिनी यांच्या भाषेत, आरोपपत्र दहा वर्षे आधीच तयार होते.

सैन्य परतल्यावर पक्षी शेतातच राहिले. शेतकऱ्यांनी १९३४, १९४३ आणि १९४८ साली पुन्हा लष्करी मदत मागितली आणि तिन्ही वेळा सरकारने नकार दिला. एकदा झालेली शोभा पुरेशी होती. त्याऐवजी मारलेल्या पक्ष्यामागे बक्षीस देण्याची योजना पुढे रेटण्यात आली आणि १९३४ मध्ये सहा महिन्यांत ५७,०३४ बक्षिसांचे दावे आले. मेजर मेरेडिथ यांच्या आकड्याच्या शेजारी हा आकडा ठेवला की, ज्यांनी मशीनगन मागितल्या होत्या त्यांच्याच घरी योग्य शस्त्रे पडून होती, हे दिसते. पुढे कुंपणे वाढवून मजबूत करण्यात आली आणि गव्हाचे रक्षण बहुतांशी त्यांनीच केले.

बक्षिसांचे हे ५७,०३४ दावे एकेक करून तपासणारा कारकून कोण होता आणि त्याला किती पगार मिळत होता, याची नोंद कोणाच्या वाचनात आली असल्यास जरूर कळवावे. तळटीप यांनी कागदासह.