जुलैत आंबोली की चोर्ला?

म्हापशेकर: पावसात एक रात्र राहायला जायचंय, सोबत आईबाबा आहेत, बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे चढण नको आणि पोरग्याला बेडूक-साप बघायचं वेड. गोव्याजवळच्या घाटांत आंबोली बरी की चोर्ला?

सांखळीकार: आमच्या बाजूने चोर्ला जवळ, धुकं तिथेही मस्त, पण मुक्कामाला आंबोलीच बरी. बांदा, सावंतवाडी करून जा, सावंतवाडीपासून साधारण ३० किमी. घाटातल्या मोठ्या धबधब्यावर रविवारी जाऊ नका हां, नुसता गोंगाट आणि दारूच्या बाटल्या!! तिथल्या कावळेसाद पॉइंटला (दरीच्या कड्यावर) वारा असला तर खाली पडणारं पाणी उलटं अंगावर येतं, पण धुकं दाट असेल तर दरीच्या जागी पांढरा पडदाच, त्याची तयारी ठेवा.

रानवेडा: पोरग्यासाठी रात्रीचा फेरफटका करा, जाणकार गाईड घेऊनच. मलबार उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, पिल्लं सुटली की थेट खाली पाण्यात. आंबोली टोड (भेक) तर जगात फक्त याच पट्ट्यात, कातळावरच्या डबक्यांत सापडतो. मलबार चापडा हा साप विषारी, फांदीवर अगदी गप्प बसलेला असतो, सो झुडपात हात घालू देऊ नका. आणि हिरण्यकेशीच्या देवळाकडचं कुंड चुकवू नका, तिथल्या छोट्या माशाची २०२० साली नवीन जात म्हणून नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी.

म्हापशेकर: मग आंबोली फिक्स. देवळापर्यंत बाबांना चालायला जमेल ना?

सांखळीकार: थोडं चालावं लागतं, वाट निसरडी, काठी द्या हातात.