झाडंच हवीत तर लावता येतात, मग पेंचचं जंगल बंद कशाला?

उमरेडरोडवाला: मामांचं गाव रामटेक तालुक्यात, पेंचच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात. तिकडे गेलो की वाद ठरलेला. मामा म्हणतात, "वाघासाठी एवढं जंगल अडवलं. तोतलाडोह धरणात मासेमारी बंद, गुरं आत गेली की दंड. झाडंच पाहिजेत तर रस्त्याच्या कडेला लावा ना!" मी पडलो नागपूरचा, मला बोलूच देत नाहीत. पण खरंच, लावलेल्या झाडांनी भागत नाही का?

मोहफूल: भाऊ, मी चोरबाहुलीकडे गाईडचं काम करतो, गावही बफरमधलंच. मामांना मोहाचं विचारा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायला तेही जात असतील. मोह फुलतो रात्री, अन् त्याच्यावर येतात वटवाघळं. पराग तेच नेतात, पुढे फळं खाऊन बियाही तेच दूर टाकतात. ही वटवाघळं दिवसा लटकतात जुन्या, उंच झाडांवर. रस्त्याकडेच्या पाच वर्षांच्या झाडावर नाही.

सागाची रोपं रांगेत लावली तर सावली मिळेल, लाकूड मिळेल. पण उभं वाळलेलं झाड कोण ठेवतो हो? सरपणाला पहिलं तेच जाते. त्याच्याच ढोलीत पोपट, पिंगळे अंडी घालतात. उन्हाळ्यात गवत करपलं की वानरं वरून पाला पाडतात, चितळं तो खाली खातात. त्या चितळांवर रानकुत्रे अन् वाघ. सफारीच्या जिप्सीतल्या पाहुण्यांना फक्त वाघ पाहिजे असतो, बाकीचं सांगेपर्यंत ते मोबाइल काढून बसतात!

हे सगळं लावता येत नाही, राखावंच लागते. म्हणून १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं अन् १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. अन् तुमच्या नागपूरच्या नळाचं बरंचसं पाणी पेंचचंच आहे. उतारावर पालापाचोळा अन् मुळं असली की पहिल्या पावसाची माती धरून ठेवतात. नाहीतर ती गाळ होऊन धरणात येते.

हायवे४४: नुसती हद्द आखून भागत नाही, हेही सांगा. वाघ एका जंगलातून दुसऱ्यात गेला नाही तर पुढे नात्यातच जोड्या लागतात. आपल्या जबलपूर रोडवर पेंचच्या पट्ट्यात जनावरांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले. त्यांच्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. खर्च झाला म्हणून ओरडणारे होते, पण रस्त्यावर मेलेलं जनावर उचलायला कोणी येत नव्हतं.

उमरेडरोडवाला: मोहाचं मामांना पटेल. पाण्याचं काढलं तर म्हणतील, "पाणी तुमचं अन् वाघ आमचा!" गेल्या साली त्यांची गाय वाघानं मारली, भरपाईला लई चकरा झाल्या.

मोहफूल: मग त्यांचं चुकत नाही. जंगल राखण्याचा भार बफरच्या माणसावर अन् फायदा शहराला, हा हिशोब कोणी नीट केलेलाच नाही. भरपाई वेळेवर मिळाली तर निम्मा राग तिथेच उतरेल. पुढच्या वेळी एवढं करा: जनावर जागचं हलवू नका, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा अन् पंचनामा होईपर्यंत कोणीतरी तिथे थांबा. फोटोही काढून ठेवा.