फोटोशॉप काढून टाकलं, आता त्याचं प्लगइन अनइन्स्टॉलच होत नाहीये

अल्बमवाली_सातारा
नमस्कार मंडळी. लग्नाच्या अल्बमचं डिझाइनिंग करते मी. विंडोज १० चा पीसी आहे, त्यावर फोटोशॉप सीएस६ होतं आणि त्यात एक पेड अल्बम प्लगइन (फोटोशॉपला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकलेलं, लायसन्स एकाच पीसीचं. नवीन फोटोशॉप घेतल्यावर सी ड्राइव्हला जागा उरली नाही म्हणून सीएस६ कंट्रोल पॅनलमधून काढलं. आता प्लगइनची नवीन व्हर्जन टाकायला गेलं की म्हणतं आधी जुनी काढा, आणि जुनी काढायला गेलं की छोटी विंडो येते, "फोटोशॉप सीएस६ सापडले नाही, सेटअप बंद होत आहे", ओके दाबलं की संपलं. ना काढता येतंय ना घालता येतंय. प्लगइनच्या सपोर्टला मेल केला तर विंडोज फॉरमॅट करा म्हणाले. अहो कसं करू फॉरमॅट, सगळे मराठी फॉन्ट, ॲक्शन्स, मॉनिटरचं कॅलिब्रेशन, लॅबने दिलेले कलर प्रोफाइल हे सगळं परत बसवायचं, आणि तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, मग जेवायलाही वेळ मिळत नाही. फॉरमॅट न करता निघेल का हे?

नाशिककर_८८
ताई प्रोग्रॅम फाइल्समधे जाऊन त्या प्लगइनचं फोल्डर सरळ डिलीट मारा आणि एखाद्या क्लीनरने रेजिस्ट्री (विंडोजची सेटिंग आणि नोंदी ठेवायची जागा) साफ करा, झालं काम.

जुना_आयटीवाला
ताई, प्लीज अजून काहीही डिलीट करू नका. फोल्डर उडवलं तरी विंडोजच्या लेखी प्लगइन इन्स्टॉलच राहतं, कारण नवीन सेटअप बहुतेक वेळा फोल्डर बघतच नाही, तो विंडोज इन्स्टॉलरकडची, म्हणजे प्रोग्रॅम घालणाऱ्या-काढणाऱ्या विंडोजच्या सर्व्हिसकडची नोंद बघतो, त्यामुळे मेसेज तोच येणार. शिवाय तुमचं लायसन्स एका पीसीचं आहे. काही प्लगइनचा अनइन्स्टॉलर जाताना लायसन्स मोकळं करून जातो, जबरदस्तीने उपटलं तर ते तसंच अडकून राहू शकतं आणि मग नवीन व्हर्जन म्हणेल की हे लायसन्स दुसरीकडे वापरात आहे.

आता नेमकं काय होतंय ते सांगतो. तुमचा अनइन्स्टॉलर खराब झालेला नाही. फोटोशॉपचं प्लगइन टाकताना सेटअपला फोटोशॉप कुठे आहे ते शोधावंच लागतं कारण त्याची फाइल फोटोशॉपच्या प्लग-इन्स फोल्डरमधे ठेवायची असते, म्हणून सेटअप बनवणारा अट घालतो की फोटोशॉप असेल तरच पुढे जा. एमएसआय प्रकारच्या, म्हणजे विंडोज इन्स्टॉलर चालवतो त्या सेटअप फाइलमधे ही अट घालताना तपासली जाते तशीच काढतानाही तपासली जाते. बनवणाऱ्याने त्या अटीत "किंवा हे आधीच इन्स्टॉल झालेलं असेल तर" एवढं जोडायचं असतं, त्यासाठी इन्स्टॉल्ड नावाची तयार प्रॉपर्टी आहे, एका शब्दाचं काम. ते जोडलं नाही की मूळ प्रोग्रॅम गेल्यावर प्लगइन अडकून बसतं. मला हे फार लागतं, कारण एका शब्दाचा आळस करणार बनवणारा आणि फॉरमॅट करत बसणार पैसे मोजून घेणारा माणूस.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे त्याला फोटोशॉप दाखवायचं. सीएस६ चा सेटअप असेल तर होता त्याच पाथवर परत टाका, उघडायचीसुद्धा गरज नाही, नुसतं इन्स्टॉल झालं पाहिजे, मग आधी प्लगइन काढा आणि मग सीएस६. जागा नसेल तर मोठे फोटो तेवढ्यापुरते बाहेरच्या डिस्कवर हलवा.

अल्बमवाली_सातारा
मनापासून आभार दादा, निदान काय चाललंय ते तरी कळलं. पण सीएस६ ची डीव्हीडी स्टुडिओ हलवताना गेली, सिरियल नंबरचा कागद तेवढा आहे. दुसरा काही मार्ग?

तबला_आणि_लॅपटॉप
मधेच बोलतोय, मी रेकॉर्डिंगवाला. आमच्याकडे व्हीएसटी३ प्रकारची आवाजाची प्लगइन कॉमन फाइल्समधल्या व्हीएसटी३ फोल्डरमधे जातात, कुठल्याही एका सॉफ्टवेअरच्या पोटात नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर काढलं तरी प्लगइन आपापलं निघतं. फोटोशॉपवाल्यांना असं कॉमन फोल्डर नाही का?

जुना_आयटीवाला
आहे की, कॉमन फाइल्समधेच ॲडोबच्या फोल्डरखाली, पण ते सीसी (क्रिएटिव्ह क्लाउड) व्हर्जनपासून. सीएस६ त्याच्या आधीचं, तिथे प्रत्येक व्हर्जनचं प्लग-इन्स फोल्डर वेगळं.

ताई, डीव्हीडी नसेल तर आधी लॉग (अनइन्स्टॉलर काय काय करतो त्याची लेखी नोंद) काढू म्हणजे अंदाजाने काही करायला नको. रेजिस्ट्री एडिटर उघडा, एचकेएलएम (एचकी लोकल मशीन), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, अनइन्स्टॉल इथपर्यंत जा आणि प्लगइनचं नाव शोधा. तिथे नसेल तर हाच रस्ता सॉफ्टवेअरनंतर वॉव६४३२नोडमधून, ३२ बिट प्रोग्रॅमच्या नोंदी तिथे असतात. महिरपी कंसातला लांबलचक कोड मिळेल तो घ्या आणि ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवरून एमएसआयएक्सेक एक्स पर्यायाने चालवा, लॉगचा पर्याय सविस्तर ठेवा. मग लॉगमधे "रिटर्न व्हॅल्यू ३" सर्च करा, ती ओळ आणि तिच्या वरच्या दहाबारा ओळी इथे टाका.

पुणेकर_सिसॅडमिन
मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर फुकट मिळतो, तोही हाताशी ठेवा, पण शेवटचा उपाय म्हणून, कारण तो विंडोज इन्स्टॉलरकडची नोंद उडवतो, प्लगइनच्या फाइल्स मागे राहू शकतात. पूर्वी विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप युटिलिटी नावाचं टूल होतं, ते दुसऱ्याच प्रोग्रॅमचे भाग बिघडवायचं म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१० मधे बंद केलं, अजून कुठल्या कुठल्या साइटवर त्याच्या लिंक फिरतात, ते घेऊ नका. सेफ मोडमधे काढा असंही कोणीतरी सांगेल, तर तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस मुळात चालूच नसते. आणि सी ड्राइव्हची जागा करायला विंडोजच्या आतलं इन्स्टॉलर नावाचं लपलेलं फोल्डर चुकूनही रिकामं करू नका, प्रत्येक एमएसआयची कॉपी तिथेच असते आणि काढताना तीच लागते.

अल्बमवाली_सातारा
भाच्याला बसवलं शेजारी आणि लॉग काढला. प्लगइन वॉव६४३२नोडमधेच सापडलं. "रिटर्न व्हॅल्यू ३" च्या ओळीत लाँचकंडिशन्स असं नाव आहे आणि वर तोच फोटोशॉप सापडले नाही वाला मेसेज.

जुना_आयटीवाला
उत्तम, लाँचकंडिशन्स म्हणजे तीच फोटोशॉपची अट, म्हणजे अडलंय ते फक्त त्या अटीपाशी, पुढचं सगळं शाबूत आहे. आता अट नेमकं काय शोधते ते बघायचं. विंडोज एसडीकेमधे (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमरसाठीचा संच) ऑर्का नावाचं छोटं टूल येतं, त्यात एमएसआय उघडून आतली टेबलं बघता येतात. पुणेकरांनी सांगितलेल्या त्या लपलेल्या फोल्डरमधे फाइलींची नावं अगम्य असतात पण एक्सप्लोररमधे सब्जेक्ट कॉलम चालू केला की प्रॉडक्टचं नाव दिसतं. तुमची एमएसआय सापडली की तिची कॉपी डेस्कटॉपवर घ्या, कॉपीच उघडा, आणि रेगलोकेटर नावाच्या टेबलात, म्हणजे सेटअप रेजिस्ट्रीत कुठे काय शोधतो त्या यादीत, काय आहे ते सांगा.

अल्बमवाली_सातारा
एकच ओळ आहे. रूट २, 'की' (रेजिस्ट्रीतलं फोल्डर) मधे सॉफ्टवेअर, ॲडोब, फोटोशॉप, ६०.० आणि नाव ॲप्लिकेशनपाथ, टाइप २. एचकेएलएमच्या सॉफ्टवेअरखाली तशी की भाच्याने हाताने बनवून बघितली, त्यात जुन्या फोल्डरचा पाथ टाकला, तरी मेसेज तोच.

जुना_आयटीवाला
भाचा हुशार आहे, रस्ता बरोबर पकडलाय, रूट २ म्हणजे एचकेएलएमच. ६०.० म्हणजे सीएस६ च. फक्त टाइप २ आहे तिथे गोम आहे. ६४ बिटच्या जागी शोधायचं असेल तर त्यात १६ मिळवलेले असतात, म्हणजे १८ दिसलं असतं. नुसतं २ म्हणजे सेटअप ३२ बिटच्या जागी शोधतोय, वॉव६४३२नोडच्या आत. तीच की तिथे बनवा, स्ट्रिंग व्हॅल्यू ॲप्लिकेशनपाथ, आणि जो पाथ द्याल त्या पाथवर रिकामं का होईना खरंच फोल्डर असू द्या. त्याआधी रेजिस्ट्रीचा एक्स्पोर्ट (कॉपी) आणि बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा.

अल्बमवाली_सातारा
निघालं!! मेसेज आलाच नाही, जाताना लायसन्स सोडू का म्हणून विचारलं, हो म्हटलं, आणि लिस्टमधून गेलं. नवीन व्हर्जन पण बसली आणि त्याच लायसन्सवर ॲक्टिव्हेट झाली. दादा, पुणेकर, सगळ्यांचे खूप खूप आभार, फॉरमॅट वाचलं. ती हाताने बनवलेली की आणि ते रिकामं फोल्डर राहू दे का आता?

जुना_आयटीवाला
वा, मस्त. नाही, दोन्हीकडच्या बनवलेल्या की काढा, साध्या सॉफ्टवेअरखालची पण आणि वॉव६४३२नोडमधली पण, रिकामं फोल्डरही काढा. नाहीतर उद्या दुसरं एखादं प्लगइन टाकाल तेव्हा त्याच्या सेटअपला वाटेल सीएस६ आहे आणि तो फाइल्स तिकडे नेऊन टाकेल, नवीन फोटोशॉपमधे काही दिसणारच नाही.