एमआरसीपी देणाऱ्या रॉयल कॉलेजात शिकवतात का?

चौकस_मावशी: भाच्याचं एमबीबीएस झालं, आता एमआरसीपीचा, म्हणजे ब्रिटनच्या फिजिशियन डॉक्टरांच्या मेंबरशिप परीक्षेचा, पार्ट वन द्यायचा म्हणतोय. मी सहज विचारलं की लंडनच्या कॉलेजात होस्टेल मिळतं का रे, तर हसत सुटला, म्हणे मावशी तिथे शिकायला कोणी जात नाही. मग ते कॉलेज आहे तरी कशाला? जाणकार सांगा.

टेम्सकाठचा: मावशी, ते म्हणजे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स, ती डॉक्टरांची संस्था आहे, विद्यार्थ्यांची नाही. 1518 मध्ये आठव्या हेन्रीने सनद दिली, मागे लागला होता त्याचाच वैद्य थॉमस लिनेकर, आणि सुरुवातीच्या बैठका पण याच्याच घरी. काम एकच, लंडन आणि आसपास सात मैलांत कोण वैद्यकी करणार हे ठरवायचं. परवाना नसेल तर दंड, वेळ पडली तर तुरुंग. 1523 च्या कायद्याने अख्खं इंग्लंड यांच्या ताब्यात, निदान कागदावर तरी. रक्ताभिसरणवाला विल्यम हार्वे इथलाच फेलो (म्हणजे वरिष्ठ सदस्य), त्याने आपली पुस्तकं संस्थेला दिली आणि लंडनच्या 1666 च्या मोठ्या आगीत त्यातली बहुतेक जळाली, हळहळ वाटते.

खलबत्ता: थोडं कडू बोलतो. भोंदूंना आवरायचं हे खरंच पण धंदा आपल्या मूठभर लोकांत ठेवायचा हेही होतंच की. सर्जन यांच्यात नव्हतेच, ते 1540 पासून न्हाव्यांबरोबर एका कंपनीत, म्हणून ब्रिटनमध्ये सर्जनला अजून डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात. आणि गरिबाला औषध कोण द्यायचं तर अपॉथेकरी, म्हणजे औषधं कुटून विकणारा. विल्यम रोझ नावाच्या अपॉथेकरीने एका खाटकाला औषध दिलं, सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, तरी कॉलेजने कोर्टात खेचलं आणि खालच्या कोर्टात जिंकले पण. 1704 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला, अपॉथेकरी तपासू शकतो फक्त पैसे औषधाचेच घ्यायचे. तिकडचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, याच लोकांतून आले, त्यामुळे मला तर हा खटला हार्वेपेक्षा मोठा वाटतो.

टेम्सकाठचा: @खलबत्ता मान्य, बायकांनाही 1909 पर्यंत दार बंदच होतं आणि पहिली महिला फेलो, हेलन मॅके, थेट 1934 ला. पण 1962 चा सिगारेटवरचा रिपोर्ट विसरू नका, सिगारेटने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे सरकार गुळमुळीत बोलत असताना यांनी ठणकावून सांगितलं.

चौकस_मावशी: बापरे, खाटकावरून एवढं रामायण! बरं पण परीक्षेला लंडनला जावं लागतं का?

रात्रपाळी_रेसिडेंट: पार्ट वन भारतातूनच देता येतो काकू. परीक्षा लंडन, एडिंबरा आणि ग्लासगो अशी तिन्ही कॉलेजं मिळून घेतात. खरी कसोटी पेसेसला, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेला, तिथे खरे पेशंट तपासायचे आणि परीक्षक शेजारी उभे. भाच्याला म्हणावं फी भरायच्या आधी तारखा बघ.