‘स्टॉकर’मधला तीनचा आकडा कसा वाचायचा?

सांजवात

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’ या सिनेमात (१९७९) तीनचा आकडा पाठ सोडत नाही. झोन या बंदी घातलेल्या भागात, मनातली इच्छा पुरी करणाऱ्या खोलीकडे जाणारे तिघं: वाटाड्या स्टॉकर, लेखक, प्राध्यापक. स्टॉकरच्या घरीही तिघं: नवरा, बायको, मुलगी, आणि सुरुवातीला ते एकाच पलंगावर झोपलेले दिसतात. शेवटी मुलगी नुसत्या नजरेनं टेबलावरच्या वस्तू सरकवते, त्याही तीन. बहुतेक ठिकाणी ‘श्रद्धा, कला, विज्ञान’ एवढं लिहून विषय मिटवलेला दिसतो. पण त्यात पलंग आणि ग्लास कुठे बसतात? आपल्या डोक्यात तर ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ आधीपासून पक्कं, आणि खोलीच्या दारात काम बिघडतंच. रशियन प्रेक्षकाला हा आकडा कसा दिसत असेल? शिवाय पाण्याखाली कॅलेंडरचं पान दिसतं, त्यावरच्या २८चं काय?

चौकटीबाहेर

‘तीन तिघाडा’ आधी बाजूला ठेवा. रशियन म्हण नेमकी उलटी आहे: देवाला तीनच आवडतात. दोनदा फसलं तरी तिसऱ्यांदा करून बघ, असं सांगताना ती तोंडी येते. सोव्हिएत रस्त्यावर तिघांचं आणखी एक रूप होतं. व्होडकाची अर्ध्या लिटरची बाटली बरीच वर्षं २ रूबल ८७ कोपेकला मिळायची. एकमेकांना न ओळखणारे तिघं दुकानापाशी जमायचे, रूबल रूबल काढायचे आणि बाटली वाटून घ्यायचे. ‘तिघांत जमवणं’ असा त्याचा वाक्प्रचारच झाला. कळकट बारमधल्या उंच टेबलाशी तीन पुरुष उभे राहतात, तेव्हा तिथल्या प्रेक्षकाला देवघराच्या आधी हे आठवणार.

आता देवघर. आंद्रेई रुब्ल्योवचं ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) हे १५व्या शतकातलं पवित्र चित्र तार्कोव्हस्कीच्या कामात वारंवार येतं. १९६६च्या ‘आंद्रेई रुब्ल्योव’ या सिनेमाच्या शेवटच्या रंगीत भागात ते आहे, ‘सोलारिस’मध्ये (१९७२) अंतराळस्थानकावरच्या नायक केल्विनच्या खोलीत त्याची प्रत आहे. ते चित्र शेजारच्या खिडकीत उघडा आणि मग ‘स्टॉकर’ बघा. बायबलमधल्या अब्राहामाकडे आलेले तीन देवदूत टेबलाभोवती बसलेत, मधे एकच पेला. मागे एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. पुढची, म्हणजे आपल्याकडची, बाजू मोकळी सोडलेली. दोन कडेच्या देवदूतांच्या आतल्या बाह्यरेषा जोडल्या तर त्यांचाही पेल्यासारखा आकार होतो, आणि तो पेला उघडतो आपल्या दिशेनं.

सिनेमातल्या तीनची गोम या मोकळ्या चौथ्या बाजूत आहे असं माझं ठाम मत आहे. खोलीच्या उंबरठ्यावरचा लांब शॉट घ्या. प्राध्यापकानं खोली उडवायला आणलेल्या बॉम्बचे भाग सुटे करून पाण्यात टाकलेत, तिघं ओल्या फरशीवर एकमेकांना टेकून बसलेत. कॅमेरा हळूहळू मागे सरतो, उजेड बदलतो, आणि छताखालीच पाऊस पडायला लागतो. पाऊस पडतो तो त्यांच्या आणि आपल्या मधे. कॅमेरा आहे कुठे? खोलीच्या आत. ज्या खोलीत पाय ठेवायची तिघांपैकी एकाचीही छाती होत नाही, तिथे प्रेक्षक आधीच जाऊन बसलेला आहे.

पडताळून पाहायचं तर एक साधी रीत. बार, पलंग, उंबरठा आणि शेवटचं टेबल, या चार जागांवर सिनेमा थांबवा. कागदावर वरून दिसेल तसा नकाशा काढा: माणसांना टिंब, कॅमेऱ्याला फुली. फुली कुठे पडते ते बघा. नुसते तीन मोजत सुटू नका. मोजायला बसलं की कुठल्याही सिनेमात तीन सापडतात, आणि मग त्यातून काहीही सिद्ध करता येतं.

मूळप्रत

आकड्याला खरंच वजन आहे का, हे ठरवायचा आणखी एक मार्ग: तो बदलला तर काय होतं ते बघायचं. इथे ते शक्य आहे, कारण पटकथा स्त्रुगात्स्की बंधूंच्याच ‘रोडसाइड पिकनिक’ (१९७२) या कादंबरीवरून त्यांनीच लिहिली. कादंबरीतल्या पहिल्या फेरीत तिघं असले तरी शेवटच्या, निर्णायक फेरीत दोघंच आहेत: कादंबरीतला स्टॉकर रेड्रिक आणि तरुण आर्थर. वाटेत ‘मांस दळणारं यंत्र’ नावाचं एक संकट आहे, ते एक जीव घेतल्याशिवाय वाट देत नाही. रेड्रिक हे जाणून आर्थरला पुढे जाऊ देतो. दोघांत हिशेब सरळ होतो: एक मरणार, एक पोहोचणार.

सिनेमात तिसरा आला आणि हा हिशेबच मोडला. त्या संकटाच्या जागी इथे बोगदा आहे. पुढे कोण जाणार हे ठरवायला स्टॉकर काड्या धरतो, लेखकाला लांब काडी येते, तो पुढे जातो आणि सुखरूप बाहेर पडतो. नंतर तो चिडून म्हणतो की यानं दोन्ही काड्या लांबच ठेवल्या होत्या. दोघांपैकी बळी कोण हे तिसऱ्यानं ठरवलं, असा तो आरोप आहे. दोघांच्या कथेत असला संशय उभाच राहिला नसता. बळी कुणाचाच जात नाही, आणि म्हणून खोलीत जायची किंमतही कुणी चुकवलेली नसते.

निगेटिव्ह

२८बद्दल. ते पान पाण्यावरून सरकणाऱ्या शॉटमध्ये येतं: सिरिंज, नाणी, व्हॅन आयकच्या गेंट वेदीचित्रातला बाप्तिस्मा करणारा योहान, पिस्तूल, स्प्रिंग, आणि कॅलेंडरचं फाटकं पान. पान २८ डिसेंबरचं, आणि तार्कोव्हस्की २९ डिसेंबर १९८६ला पॅरिसमध्ये वारला, म्हणून हा आकडा भविष्यवाणी ठरवला जातो. हा उलट्या दिशेनं लावलेला अर्थ आहे. एकदाच येणाऱ्या तारखेला आवर्ती आकडा म्हणता येत नाही. चेर्नोबिल १९८६ला झालं म्हणून झोन म्हणजे चेर्नोबिल, हीसुद्धा तीच चूक.

तशीच गफलत ‘दोन भागां’ची. सिनेमा दोन भागांत आहे, पण त्यात द्वैत शोधू नका. पहिल्या चित्रीकरणाची निगेटिव्ह डेव्हलप करताना खराब झाली. बरंच काम नव्यानं करावं लागणार होतं आणि दोन भागांचा चित्रपट म्हणून मंजुरी घेतली की वाढीव पैसे आणि फिल्म मिळत होती. शेवटी अलेक्सांद्र क्न्याझिन्स्कीच्या कॅमेऱ्यानं तो पूर्ण झाला.

आणि स्वतः तार्कोव्हस्की ‘झोन कशाचं प्रतीक?’ या प्रश्नानं वैतागायचा. झोन म्हणजे झोन, असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणून ‘तीन म्हणजे अमुक’ असं समीकरण मांडण्यापेक्षा चौकटीबाहेर यांच्यासारखं ‘तीन काय करतात’ हे बघणं जास्त प्रामाणिक.

सांजवात

नकाशाची रीत फार उपयोगी आहे, मनापासून आभार. पलंगाचा शॉट तिच्यात बसतो: कॅमेरा तिघांवरून वरून सरकत जातो आणि तसाच परत येतो. पण त्रैक्याचा धागा संवादातही कुठे आहे का, की तो फक्त रचनेपुरताच?

चौकटीबाहेर

आहे, आणि उपशीर्षकं घाईनं वाचली तर हमखास निसटतो. तिघं आडवे झालेले असतात, स्टॉकर उठून पुटपुटायला लागतो. तो मजकूर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला आहे, अध्याय २४: येशूचे दोन शिष्य वाटेनं चाललेत, तिसरा, म्हणजे येशूच, येऊन सोबत चालू लागतो, आणि त्यांचे डोळे असे झाकलेले असतात की ते त्याला ओळखत नाहीत. स्टॉकर सगळी नावं गाळतो. गावाचं, शिष्याचं आणि येशूचंही. उरतात फक्त दोन चालणारे आणि एक अनोळखी. तिघांतला तो तिसरा कोण, हे सिनेमा ठरवून देत नाही. ‘श्रद्धा, कला, विज्ञान’ अशा पाट्या लावल्या की ही जागा बुजते, म्हणून त्या पाट्यांना माझा विरोध आहे.

आता शेवटचं टेबल या नजरेनं बघा. मुलगी पलीकडच्या टोकाला डोकं टेकून बसलीय. आधी चहाचा ग्लास सरकतो, मग बरणी, मग उंच ग्लास. तिन्ही येतात टेबलाच्या मोकळ्या टोकाकडे, म्हणजे तुमच्या फुलीच्या दिशेनं, आणि उंच ग्लास त्याच कडेवरून खाली पडतो.